भिंतीवर दिसणारा बेस गिटार आपटणारा 'तो' फोटो मुळात आउट ऑफ फोकस होता

काळापांढरा फोटो. एक उंच पोरगा पाय फाकवून वाकलाय, गिटार कुऱ्हाडीसारखं उगारलंय आणि चेहरा काही दिसत नाही. एखाद्या कॅफेत नाहीतर मित्राच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर ही फ्रेम तुम्ही पाहिली असेल.

तो पोरगा म्हणजे 'द क्लॅश' या ब्रिटिश बँडचा पॉल सिमोनन. सप्टेंबर १९७९, न्यूयॉर्कचं पॅलेडियम थिएटर. झालं असं की, तिथे पब्लिकला खुर्च्यांवरून उठूच देत नव्हते. समोरची गप्प बसलेली माणसं बघून सिमोननचं डोकं फिरलं आणि त्याने हातातलं बेस गिटार स्टेजवर आपटलं. बाजूला फोटोग्राफर पेनी स्मिथ होत्या. तो अंगावर येतोय म्हटल्यावर मागे सरकता सरकता त्यांनी क्लिक केलं आणि फोकस गेला. हा फोटो कव्हरवर नको, असं खुद्द त्यांचंच मत होतं, पण गायक जो स्ट्रमर हटून बसला. अखेर तोच फोटो 'लंडन कॉलिंग' अल्बमवर छापला गेला. पुढे २००२ मध्ये ब्रिटनच्या 'क्यू' मासिकाने त्याला रॉक अँड रोलचा सर्वोत्तम फोटो ठरवलं.

त्या कव्हरवरची गुलाबी-हिरवी अक्षरं एल्विस प्रेस्लीच्या १९५६ च्या पहिल्या अल्बमवरून घेतलेली. एल्विसच्या त्या कव्हरवरचा फोटो फ्लोरिडातल्या टॅम्पाचा, ३१ जुलै १९५५ च्या कार्यक्रमातला. तो काढला रेड रॉबर्टसन यांनी, पण कित्येक वर्षं श्रेय मिळत राहिलं 'पॉप्सी' रँडॉल्फ या दुसऱ्याच फोटोग्राफरला. फोटो जगभर गेला, काढणाऱ्याचं नाव मात्र मागेच राहिलं.

जिमी हेंड्रिक्सचा पेटत्या गिटारवाला फोटोही असाच घरोघरी दिसतो. १८ जून १९६७ ला माँटेरे फेस्टिव्हलमध्ये तो टिपणारा एड कॅराएफ तेव्हा अवघ्या १७ वर्षांचा होता.

आता या फोटोंमध्ये ते रवाळ दाणे का दिसतात? स्टेजवर उजेड कमी, म्हणून जास्त संवेदनशील फिल्म वापरायची आणि ती डेव्हलपही जास्त वेळ करायची. त्यातून हे दाणे येतात आणि मोठ्या प्रिंटमध्ये ते छानच दिसतात. इन्स्टाग्रामवरून डाउनलोड केलेल्या फोटोचं तसं नाही. १०८० पिक्सेल रुंदीचा फोटो ३०० डीपीआयने छापला तर साडेतीन इंचांच्या आसपासच नीट येतो. तोच १६ बाय २० इंचांवर ताणला की दिसतात ते नुसते चौकोन.

त्यात कॉपीराइट आहेच. भारतात २०१२ च्या कायदादुरुस्तीनंतर फोटोवरचा हक्क फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. त्यामुळे 'जुना फोटो आहे, काय होतंय' म्हणत छापून विकणं बेकायदाच. अस्सल प्रिंट फोटोग्राफर किंवा त्यांचे वारसदार ठरावीक संख्येत काढतात. त्यावर ५ पैकी २ असा क्रमांक आणि सही असते, आणि किंमत चढते ती त्यामुळेच. तेवढं बजेट नसेल तर परवाना घेऊन छापलेलं पोस्टरही भिंतीवर मस्त दिसतं. फक्त त्यावर फोटोग्राफरचं नाव आहे का, हे बघायचं.

आपल्याकडे 'क्वीन'च्या फ्रेडी मर्क्युरीची फ्रेम हमखास दिसते. नातंही आहे, कारण हा गडी शाळेत होता पाचगणीला आणि त्याचा पहिला बँड 'द हेक्टिक्स' तिथलाच. फ्रेम घेताना एक गोष्ट तपासा. पिवळं जॅकेट १९८६ च्या मॅजिक टूरमधलं आहे. १३ जुलै १९८५ च्या लाइव्ह एडमध्ये त्याने पांढरा बनियन आणि जीन्स घातली होती. पिवळ्या जॅकेटखाली कुणी 'लाइव्ह एड' लिहिलं असेल, तर विकणाऱ्याला आपण काय विकतोय तेच माहीत नाही.

फ्रेम करताना काच थेट प्रिंटला चिकटू देऊ नका, दमट हवेत प्रिंट काचेला डकवल्यासारखी होते. मध्ये ॲसिड-फ्री माउंट घ्या, साध्या पुठ्ठ्याने कागद पिवळा पडतो. समोरच्या खिडकीतून ऊन येत असेल तर यूव्ही काच घ्या. मुंबई-कोकणात पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर फ्रेम लावूच नका, मागे बुरशी धरते. आतल्या भिंतीवर लावतानाही फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराचे तुकडे चिकटवले की हवा खेळती राहते.