मेडिक्लेमची कात्री कुठून आली?

हॉस्पिटलचं बिल होतं दोन लाख आणि कंपनीने दिले एक लाख. विचारलं की उत्तर ठरलेलं, "तुम्ही महागडी रूम घेतली." अहो, मग रूमच्या भाड्यातला फरक कापा ना! औषधं का अर्धी?

मेडिक्लेम आली १९८६ साली, सरकारी विमा कंपन्यांची. १९९९ च्या कायद्याने आयआरडीए आली, मग खासगी कंपन्या, मग टीपीए. २००७ च्या सुमारास सरकारी कंपन्यांनी रूमच्या भाड्याला विमा रकमेच्या १ टक्क्याची मर्यादा घातली, आयसीयूला २ टक्के. खरी मेख पुढच्या कलमात होती: रूम मर्यादेबाहेर गेली, तर बाकीचं बिलही त्याच प्रमाणात कमी. विमा ३ लाखांचा, म्हणजे रूम दिवसाला ३ हजारांची. तुम्ही घेतली ६ हजारांची. झालं, सगळंच अर्धं.

कंपन्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. तोच सर्जन, तेच ऑपरेशन, पण जनरल वॉर्डात एक दर आणि डिलक्समध्ये दुसरा, हे आपल्याकडे सर्रास चालतं. पण स्टेंट आणि इंजेक्शन काय रूम बघून महाग होतात? तरी कात्री तिथेही चालायची.

हे थांबायला २०२० उजाडलं. त्या जूनमध्ये आयआरडीएआयने नियम केला: औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना अशी प्रमाणात कपात लागणार नाही. आयसीयूच्या खर्चालाही नाही. आणि जे हॉस्पिटल रूमप्रमाणे दर बदलत नाही, तिथे ही कपात करायचीच नाही. नव्या पॉलिसींना हे १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालं, जुन्यांना १ एप्रिल २०२१ नंतरच्या नूतनीकरणापासून. मे २०२४ च्या परिपत्रकाने आणखी एक केलं: क्लेम नाकारला किंवा थोडा जरी कापला, तर पॉलिसीतल्या कुठल्या अटीने, हे कंपनीने कळवायलाच हवं.

पण डिस्चार्जच्या घाईत हे बघतो कोण? कागदावर सही करतो आणि घरी येतो.

तेव्हा कपातीचा हिशेब ओळीओळीने मागा. ‘रूमप्रमाणे आमचे दर बदलत नाहीत’ असं असेल, तर हॉस्पिटलकडून तसं लेखी घ्या. आधी तक्रार कंपनीकडे. ३० दिवसांत दाद लागली नाही, तर विमा लोकपाल. मुंबईत आणि पुण्यात कार्यालय आहे, फी लागत नाही, वकीलही लागत नाही.