अमेरिकेंतील जर्मन भोजनगृहें आणि अस्सलपणाची कसोटी

अमेरिकेंतील एखाद्या मोठ्या शहरांतलें जर्मन भोजनगृह आंत पाऊल टाकतांच ओळखूं येतें. गडद लांकडाच्या भिंती, त्यांवर हरणांचीं शिंगें, फळीवर मांडलेले झांकणाचे बिअरचे पेले आणि बव्हेरियन घाटाचा घोळदार झगा घातलेली वाढपीण, असा तेथील थाट असतो. जर्मनीचा प्रवास करून आलेला एखादा गृहस्थ तेथें जेवावयास बसतो, दोन घास घेतो आणि निकाल देतो कीं, 'हें कांहीं खरें जर्मन जेवण नव्हे.' निकाल देणें सोपें असतें. परंतु ज्या जर्मनीशीं ताडून हा निकाल दिला जातो ती जर्मनी कोणती व कोणत्या काळांतली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाहीं. त्याचें उत्तर स्वयंपाकघरापेक्षां इतिहासांतच अधिक सांपडतें.

ज्या लोकांनीं अमेरिकेंत जर्मन वस्त्या वसविल्या त्यांपैकीं पुष्कळ जण देश सोडून निघाले तेव्हां जर्मनी नांवाचें एक राज्यच नव्हतें. साम्राज्याची स्थापना १८७१ सालीं झाली. तोंपर्यंत बाडेन, हानोवर, मेक्लेनबुर्ग, बव्हेरिया अशीं लहानमोठीं राज्यें होतीं. १८४८ ची क्रांति फसल्यावर कांहीं सुशिक्षित मंडळी राजकीय छळामुळें परागंदा झाली; त्यांच्याहून कितीतरी अधिक शेतकरी व कारागीर केवळ पोटासाठीं जहाजांत चढले. पुढें ही संख्या वाढतच गेली व १८८२ या एका वर्षांत सुमारें अडीच लक्ष जर्मन अमेरिकेंत उतरले. या सर्वांची भाषा एक म्हणावयाची, पण चूल एक नव्हती. श्वाबियांतील माणसाला अंडें घालून भिजविलेल्या मैद्याच्या 'श्पेट्स्ले' शेवयांवांचून जेवण अपुरें वाटे. ऱ्हाइनकांठच्या माणसाला शिरक्यांत कित्येक दिवस मुरविलेलें मांस, म्हणजे 'सावरब्राटन', हवें असे. उत्तरेच्या किनाऱ्यावरील माणूस खारविलेल्या हेरिंग माशावर वाढलेला, तर बव्हेरियन माणसाला पाव अथवा बटाटा यांचे मोठाले उकडलेले गोळे प्रिय. न्यूयॉर्कच्या 'क्लाइनडॉइचलंड', म्हणजे धाकटी जर्मनी, या वस्तींत, सिनसिनाटींत आणि मिलवॉकींत हे लोक एकमेकांचे शेजारी झाले. इंग्रजी बोलणाऱ्या नगरवासीयांनीं त्या सर्वांना एकच नांव दिलें व त्यांच्या अन्नालाहि एकच नांव पडलें. ही सरमिसळ हा दोष मानावयाचा, तर तो दोष पहिल्या दिवसापासूनचा आहे.

या जेवणाच्या जोडीला बिअर होती. इंग्रज परंपरेच्या अमेरिकेंत पूर्वीं एल व व्हिस्की यांचा प्रघात होता. थंड तळघरांत सावकाश आंबविलेली व मुरविलेली लागर बिअर १८४० नंतर जर्मनांनीं रूढ केली. रविवारीं दुपारीं बायकामुलांसह बागेंत बसावें, वाद्यें ऐकावीं, सॉसेज खावें व बिअर प्यावी, हा त्यांचा कुलाचार. रविवार हा उपासनेचा व शांततेचा दिवस मानणाऱ्या लोकांना तो अनाचार वाटला. १८५५ सालीं शिकागोचा नगराध्यक्ष लीव्हाय बून यानें मद्यगृहांच्या परवान्याची फी ५० डॉलरवरून ३०० डॉलरवर नेली व रविवारीं तीं बंद ठेवण्याचा जुना कायदा अंमलांत आणला. तेव्हां एप्रिलच्या २१ तारखेला जर्मनांचा जमाव न्यायालयावर चालून गेला, गोळीबार झाला व एक माणूस मेला. म्हणजे हें खाणेंपिणें ही या लोकांना केवळ चवीची बाब नव्हती. नव्या देशांत आपल्या रीतीनें राहतां येईल कीं नाहीं, हा प्रश्न त्यांत गुंतलेला होता.

पुढें ही रीत प्रतिष्ठित झाली. हानोवरहून आलेल्या आउगुस्ट ल्यूखोव्ह यानें १८८२ सालीं न्यूयॉर्कच्या चौदाव्या रस्त्यावर आपलें प्रसिद्ध भोजनगृह चालविण्यास घेतलें. पियानोच्या धंद्यांतील विल्यम स्टाइनवे याचा त्याला मोठा आश्रय होता, आणि जवळच्याच संगीतगृहांतील कलावंत तेथें जेवावयास येत. शिकागोंत हर्मन बर्गहॉफ यानें १८९८ सालीं, तर मिलवॉकींत चार्ल्स मेडर यानें १९०२ सालीं आपापलें घर उघडलें. या काळांत 'हें खरें जर्मन का?' असें कोणी विचारण्याचें कारणच नव्हतें. गिऱ्हाइकांपैकीं अनेकांनीं तें अन्न आईच्या हातचें खाल्लेलें होतें.

१९१७ च्या एप्रिलांत अमेरिका महायुद्धांत उतरली आणि चित्र पालटलें. कोबी बारीक चिरून, मीठ लावून आंबविलेल्या 'सावरक्राउट'ला 'स्वातंत्र्य-कोबी' असें नवें नांव देण्यांत आलें. हें हास्यास्पद वाटतें. पण त्याच लाटेंत १९१८ च्या एप्रिलांत इलिनॉय संस्थानांतील कॉलिन्सव्हिल येथें रॉबर्ट प्रागर या जर्मन मजुराला जमावानें झाडाला फांसावर लटकाविलें, आणि खटला झालेले अकराहि आरोपी निर्दोष सुटले. अशा दिवसांत ल्यूखोव्हच्या पाटीवरील 'यू' अक्षराच्या डोक्यावरचे दोन जर्मन बिंदू काढून टाकण्यांत आले. त्यापाठोपाठ १९२० च्या जानेवारींत दारूबंदी आली. जेवणावर मिळे त्याहून अधिक नफा बिअरवर मिळत असल्यामुळें असंख्य घरें बुडालीं. जीं तगलीं तीं मद्यार्करहित पेयें व साधें जेवण विकून तगलीं. १९३३ सालीं बंदी उठली तोंपर्यंत एक पिढी घरीं जर्मन बोलणें सोडून मोठी झाली होती.

आजच्या घोळदार झग्यांचें व शिंगांचें प्राबल्य मुख्यतः यानंतरचें आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर बव्हेरियाचा बहुतेक भाग अमेरिकन सैन्याच्या ताब्यांत होता. तेथें राहून आलेल्या सैनिकांच्या मनांत जर्मनी म्हणजे डोंगर, कातडी विजारी व म्यूनिकचा बिअर-उत्सव हें समीकरण बसलें. वॉशिंग्टन संस्थानांतील लेव्हनवर्थ या ओस पडूं लागलेल्या गांवानें १९६० नंतर प्रवासी यावेत म्हणून सारी बाजारपेठ बव्हेरियन वेषांत नटविली. तें गांव कांहीं जर्मनांनीं वसविलेलें नव्हे. उलट मिशिगनमधील फ्रांकेनमूथ हें १८४५ सालीं फ्रांकोनियाहून आलेल्या लोकांनीं खरोखरीच वसविलें. पण तेथें लोकांची झुंबड उडते ती तळलेल्या कोंबडीच्या पंगतीसाठीं, आणि तो पदार्थ अमेरिकन घरगुती आहे. वेष खोटा म्हणून गांव खोटें ठरत नाहीं, आणि गांव खरें म्हणून ताट खरें ठरत नाहीं.

ताटाची परीक्षाहि अशीच निसरडी आहे. ऱ्हाइनकांठीं सावरब्राटनच्या रश्श्यांत मसालेदार केकचा चुरा घालतात. अमेरिकेंत त्या जागीं बाजारी आल्याचीं बिस्किटें आलीं. बव्हेरियाच्या १५१६ च्या नियमाप्रमाणें बिअरमध्यें जव, हॉप्स व पाणी यांखेरीज कांहीं नसावें. अमेरिकन जवांत प्रथिनें अधिक असल्यानें बिअर गढूळ होई, म्हणून तेथील जर्मन बिअरवाल्यांनीं मका व तांदूळ घातला. नियमानें हें अशुद्ध खरें, पण तो नियम सबंध जर्मन साम्राज्याला लागू झाला तो १९०६ सालीं. 'जर्मन चॉकलेट केक' तर नांवापुरताहि जर्मन नाहीं: सॅम्युएल जर्मन नांवाच्या माणसानें १८५२ सालीं बनविलेल्या चॉकलेटावरून तें नांव १९५७ सालीं टेक्साससमधील एका वृत्तपत्रांत छापलेल्या कृतीला मिळालें. आणि खुद्द जर्मनी तरी कोठें स्थिर राहिली? बर्लिनचें आवडतें करीवुर्स्ट १९४९ सालीं जन्मलें; १९६१ च्या करारानंतर आलेल्या तुर्की कामगारांनीं आणलेला डोनर कबाब आज तेथें गल्लोगल्ली विकला जातो. तो मिलवॉकीच्या यादींत नाहीं म्हणून मिलवॉकी खोटी, असें कोणी म्हणत नाहीं.

तेव्हां दोष देतांना तीन गोष्टी वेगळ्या करणें न्यायाचें होईल. व्हीनर श्निट्झेल या नांवानें जर्मनींत व ऑस्ट्रियांत वासराचेंच मांस द्यावें लागतें. तें नांव लिहून मुकाट्यानें डुकराचें मांस वाढणें ही फसवणूक आहे व तिला फसवणूकच म्हटलें पाहिजे. शिंगें व झगे हा व्यापार आहे. तो आवडो वा न आवडो, त्यावरून अन्नाची पारख होत नाहीं. परंतु मिळेल त्या धान्यानें, मिळेल त्या बिस्किटानें आईची चव पुन्हां साधण्याचा जो खटाटोप, त्याला अशुद्ध म्हणणाऱ्यानें त्या लोकांनीं काय सोसलें याची आठवण ठेवावी.

ल्यूखोव्हच्या पाटीवरचे ते दोन बिंदू १९५० नंतर नव्या मालकानें परत बसविले. चौदाव्या रस्त्यावरील तें घर १९८२ सालीं बंद पडलें व १९९५ सालीं इमारतहि पाडण्यांत आली. तेथील सावरब्राटन हानोवरच्या कोणा गृहिणीला पसंत पडलें असतें कीं नाहीं, हें आतां ठरविणें शक्य नाहीं. मात्र एका अक्षरावरचे दोन ठिपके सुद्धां जेथें भीतीनें पुसावे लागले, तेथें शंभर वर्षें ती चूल पेटती राहिली, हें निश्चित आहे.