झांझिबारची लवंग आणि हिंदी पेढी

पुलावात, गोव्याच्या शाकुतीत, विड्यास टोचून किंवा दाढदुखीवरचा उपाय म्हणून लवंग आपल्या घरात इतकी रुळली आहे की ती कोठून आली असा प्रश्न सहसा कोणास पडत नाही. तिचे मूळ माहेर इंडोनेशियातील मोलुक्का बेटांत. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढे शंभर वर्षे मुंबईच्या मसजिद बंदराकडील मसाल्याच्या बाजारात जी लवंग येई, ती बव्हंशी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या झांझिबार व पेंबा या दोन लहान बेटांतून. परदेशी व्यापारातील संधी हे शब्द हल्ली फार कानी पडतात. अशी एक संधी आपल्या लोकांनी कशी साधली, कोणाच्या कष्टांवर साधली आणि ती हातची कशी गेली, हे या बेटांच्या इतिहासावरून पाहावे असे आम्ही योजिले आहे.

या किनाऱ्याशी गोव्याचा संबंध लवंगेहून जुना. मोंबासा येथील फोर्ट जीझस हा किल्ला पोर्तुगीजांनी १५९३ मध्ये बांधावयास घेतला आणि त्याचा कारभार गोव्याहून चाले. ओमानी अरबांनी त्यास वेढा घातला तेव्हा कुमक जाई तीही गोव्याहूनच. १६९८ मध्ये किल्ला पडला. १७२८ साली गोव्याच्या आरमाराने तो थोड्या काळापुरता परत घेतला इतकेच. पुढे १७५२ मध्ये मोझांबिकचा कारभारही गोव्यापासून वेगळा झाला, आणि त्या बाजूच्या समुद्रावर ओमानचे वर्चस्व स्थिर होत गेले.

ओमानचा सुलतान सय्यद सईद याने १८३० नंतरच्या दशकात आपला दरबारच मस्कतहून झांझिबारास हलविला. लवंगेची रोपे त्यापूर्वीच मास्कारेन बेटांतून तेथे आली होती. सईदने लागवडीचा ध्यास घेतला. लवंगेचे झाड सहा-सात वर्षांनी फळते. फूल उमलण्यापूर्वी कळी हाताने खुडावी लागते, आणि ती चटईवर पसरून उन्हात वाळवावी लागते. तोडणीच्या हंगामात माणसांची संख्या कमी पडली तर पीक झाडावरच वाया जाते. ही माणसे कोठून आणावयाची, यास त्या काळचे उत्तर एकच होते. आफ्रिकेच्या अंतर्भागातून पकडून आणलेल्या गुलामांनी या बागा, ज्यांना तेथे शांबा म्हणत, उभ्या केल्या. हे वाक्य आम्ही मुद्दाम आधीच लिहीत आहो, कारण आपल्या व्यापाराच्या गौरवगाथांत ते बहुधा राहून जाते.

व्यापाऱ्याचे वेळापत्रक वाऱ्याने आखून दिलेले असे. मार्गशीर्षाच्या सुमारास ईशान्येकडून कास्काझी सुटला की कच्छ-मांडवी, मस्कत व मुंबईहून गलबते कापड, धान्य व मणी भरून दक्षिणेस निघत, आणि चैत्रानंतर कुसी वाहू लागला की हस्तिदंत, चंद्रूस व लवंग घेऊन परतत. व्यापार मुख्यतः कच्छ-काठेवाडच्या भाटिया, खोजा व बोहरा पेढ्यांच्या हाती होता. मुंद्र्याच्या शिवजी टोपण घराण्यातील जयराम शिवजी याने सुमारे १८३५ पासून १८५३ पर्यंत झांझिबारच्या जकातीचा मक्ता चालविला. मक्ता म्हणजे सुलतानास वर्षाची ठराविक रक्कम आगाऊ द्यावयाची आणि बंदरावरील जकात आपण वसूल करावयाची. अमेरिकेशी १८३३ मध्ये झालेल्या तहाने आयात मालावर शेकडा पाच जकात ठरली होती. सेलेमच्या अमेरिकन जहाजांनी आणलेल्या कोऱ्या कापडास तेथे मेरिकानी म्हणत, आणि ते नाव पुढे कितीतरी वर्षे टिकले. या जहाजांच्या कप्तानांसही जयरामच्या पेढीकडे आल्यावाचून गत्यंतर नसे. त्याच्या मागून कारभार पाहणारा लधा दामजी तर इतका वजनदार झाला की १८५७ मध्ये बर्टन व स्पीक सरोवरांच्या शोधार्थ अंतर्भागात निघाले, तेव्हा त्यांच्या तयारीतही त्याचा हात होता.

पेढीचे खरे भांडवल उधारी हे होते. मुंबईच्या पेढीने झांझिबारच्या पेढीस माल उधार द्यावा, तिने अरब व स्वाहिली तांडेवाल्यास द्यावा, तांड्याने अंतर्भागात जाऊन दोन वर्षांनी हस्तिदंत आणावे आणि मग साखळी उलट्या दिशेने फिटत यावी. लवंगेच्या बागाईतदारासही असाच आगाऊ पैसा मिळे. इस्लाममध्ये व्याज निषिद्ध असल्याने कर्जास विक्रीचा पोशाख चढविण्यात येई: मालकाने आपला शांबा परत विकत घेण्याच्या अटीवर सावकारास विकावयाचा, आणि तोच भाड्याने कसावयाचा. यास बै खियार म्हणत. आपल्याकडील गहाणखताची ही चुलत बहीण होय. खानदेशातील किंवा माळव्यातील ज्या वाचकांनी सावकाराचा दस्त पाहिला असेल त्यांस ती ओळखीची वाटेल. लागवड वाढत गेली तसा लवंगेचा भाव कोसळला. आरंभी फ्रासिलास (सुमारे १६ किलो) दहा डॉलरच्या आसपास असलेला भाव शतकाच्या मध्यास दोन डॉलरपर्यंत उतरला होता. भाव उतरला, परंतु कर्जाचा आकडा उतरला नाही.

सुलतानही याच साखळीत अडकला होता. सईद १८५६ मध्ये वारला, तेव्हा मागे राहिलेले देणे पुढील सुलतानांस दीर्घकाळ छळीत होते. त्याचा पुत्र बर्गश याचे मुंबईशी विचित्र नाते होते: भावाविरुद्ध बंड केल्यामुळे १८५९ मध्ये इंग्रजांनी त्यास मुंबईस आणून ठेविले, आणि १८६१ मध्ये तो परतला. १८७० मध्ये तो सुलतान झाला. १८७३ च्या जानेवारीत गुलामगिरीविरोधी तहासाठी त्याच्यापुढे उभे राहिले ते मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर. बर्गश बधला नाही. अखेर नाकेबंदीच्या धमकीने जॉन कर्क याने जूनमध्ये त्याची सही घेतली आणि गुलामांचा बाजार बंद झाला. आदल्याच वर्षीच्या चक्रीवादळाने झांझिबारच्या लवंगेची बहुतेक झाडे उन्मळून टाकली होती. पेंबा बचावले, आणि पुढे पिकाचा मोठा भाग तेथूनच येऊ लागला.

हिंदी लोकांचे हातही या बाबतीत स्वच्छ नव्हते. अनेक हिंदी कुटुंबांत गुलाम होते आणि १८६० च्या सुमारास ब्रिटिश वकील रिग्बी याने ब्रिटिश प्रजा म्हणून त्यांच्याकडून काही हजार गुलाम सोडविले. ज्यांच्या घरी गुलाम नव्हता त्यांचा पैसा गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या बागांत गुंतलेला होताच.

१८९० मध्ये ब्रिटिश संरक्षण आले, १८९७ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. तरी बाजाराची भाषा हिंदी पेढीची राहिली. तेथील चलन रुपयाचे होते आणि ते १९३६ पर्यंत तसेच चालले. गोमंतकीयांचा वाटा येथे वेगळा. ते दुकानांत, कचेऱ्यांत, शिवणकामात, पावाच्या भट्टीत व छायाचित्रांच्या धंद्यात शिरले. सुलतानाच्या बँडमध्ये वाजविणारेही गोव्याचेच. लवंगेच्या नफ्यात त्यांचा हिस्सा फारसा नव्हता, म्हणूनच की काय, लवंगेवरून पुढे झालेल्या भांडणात त्यांचे नावही फारसे येत नाही.

ते भांडण उठले १९३० नंतरच्या मंदीत. भाव पडले, बागा गहाण होत्या आणि सरकारला भीती पडली की अरबांच्या हातची जमीन हिंदी सावकारांकडे जाईल. १९३४ मध्ये जमीन हस्तांतरावर निर्बंध घालणारे फर्मान निघाले, कर्जवसुली थोपविण्यात आली आणि १९२७ पासून असलेल्या लवंग उत्पादक संघास विशेष अधिकार देण्यात आले. हिंदुस्थान सरकारने के. पी. एस. मेनन यांस चौकशीसाठी पाठविले. त्यांनी या फर्मानांवर टीका केली. तरी १९३७ मध्ये लवंग खरेदीचा मक्ता संघाच्या हाती देणारे नवे फर्मान आलेच. हिंदी निर्यातदार मधूनच उडाला.

झांझिबारच्या हिंदी व्यापाऱ्यांनी लवंगेस हात लावणे बंद केले आणि इकडे काँग्रेसने लवंगेवर बहिष्कार पुकारला. मुंबईच्या दलालांनी झांझिबारची लवंग घेणे थांबविले. १९३८ च्या फेब्रुवारीत हरिपुरा अधिवेशनात त्यावर ठराव झाला. ज्या लवंगेच्या निर्यात जकातीवर बेटांच्या सरकारची तिजोरी बरीचशी चालत होती ती वखारीत पडून राहिली. त्याच वर्षी मे महिन्यात तडजोड झाली: हिंदी निर्यातदार व्यापारात राहावा, आणि त्याने आपल्या मालाचा एक भाग संघाकडून घ्यावा.

हा विजयच होता आणि तो अभिमानाने सांगितला जातो. आमचे मत थोडे निराळे आहे. बहिष्काराने निर्यातीचा हक्क वाचला. परंतु मंदीत बुडालेल्या बागाईतदाराचे कर्ज आणि शांब्यात कळ्या खुडणाऱ्या आफ्रिकन मजुराची मजुरी या दोहोंचा त्या तडजोडीत विचार नव्हता. इंग्रज अधिकारी अरब बागाईतदाराचे नाव पुढे करीत, हिंदी पुढारी हिंदी व्यापाऱ्याचे. १९३१ मध्ये बेटांत सुमारे १५,००० हिंदी होते, आणि एकूण लोकवस्ती त्यांच्या पंधरापट होती. तिच्यापैकी बहुसंख्यांच्या वतीने बोलणारा कोणी त्या वाटाघाटीत नव्हता.

१९६३ च्या डिसेंबरात झांझिबार स्वतंत्र झाले. १९६४ च्या १२ जानेवारीस क्रांती झाली. हजारो अरब मारले गेले, हिंदी दुकाने लुटली गेली, जमिनी सरकारजमा होऊन त्यांतून तीन-तीन एकरांचे तुकडे वाटण्यात आले. एप्रिलमध्ये टांगानिकाशी संयोग झाला. हिंदी कुटुंबे दार-एस-सलाम, मुंबई व विलायतेस पांगली. लवंगेची खरेदी सरकारी मक्त्यात गेली, आणि उत्पादकास मिळणारा भाव जागतिक भावाच्या मानाने इतका अल्प राहिला की पेंब्याची लवंग रात्री मचव्यांतून मोंबाशाकडे जाऊ लागली. १९३७ च्या फर्मानातील मक्ता जाऊन त्या जागी दुसरा मक्ता आला, एवढाच बदल शेतकऱ्याच्या वाट्यास आला.

आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झांझिबारच्या लवंगेचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक झाले ते इंडोनेशिया. तेथील क्रेटेक नावाच्या सिगारेटीत तंबाखूबरोबर लवंग कुटून घालतात. मोलुक्कातून निघालेली लवंग मास्कारेन बेटांमार्गे आफ्रिकेस जाऊन पुन्हा त्याच समुद्रात परतली. १९८० नंतरच्या दशकात इंडोनेशियाने आपल्याच बेटांत लागवड वाढविली आणि झांझिबारची मागणी पार ओसरली. त्या मंदीत पेंब्याच्या बागाईतदारास आगाऊ पैसा देणारी पेढी मात्र आता कोणतीच नव्हती.