रक्ताचा सामू : मोजलेले आकडे आणि मांडलेला हिशेब

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीतील रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागात 'एबीजी' हा शब्द दिवसातून अनेकदा कानी पडतो. धमनीतील रक्ताच्या या रक्तवायू चाचणीचा अहवाल काही मिनिटांत हाती येतो. मधुमेह बळावून आलेली बेशुद्धी, निकामी मूत्रपिंड, दम्याचा तीव्र झटका किंवा गंभीर जंतुसंसर्ग अशा प्रसंगी उपचारांची दिशा ठरवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. मात्र त्या कागदावरचे सर्वच आकडे यंत्राने मोजलेले नसतात. काही गणिताने काढलेले असतात.

समतोलाचे गणित

निरोगी व्यक्तीच्या धमनीतील रक्ताचा सामू, म्हणजे पीएच, ७.३५ ते ७.४५ या अरुंद मर्यादेत असतो. सामू ७.४ वरून ७.१ वर आला, तर घट किरकोळ भासते. प्रत्यक्षात हायड्रोजन आयनांचे प्रमाण दुप्पट झालेले असते. फुप्फुसे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून काही मिनिटांत हा समतोल सावरतात. बायकार्बोनेटचा साठा सांभाळणाऱ्या मूत्रपिंडांना मात्र अनेक तास, कधी दिवसही लागतात.

रक्तवायू यंत्र सामू, कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब आणि प्राणवायूचा आंशिक दाब या तीन गोष्टी इलेक्ट्रोडच्या साह्याने मोजते. बायकार्बोनेट आणि 'बेस एक्सेस' हे आकडे मात्र त्यांवरून काढले जातात. बायकार्बोनेटसाठी हेंडरसन-हॅसेलबाल्क समीकरण वापरतात. कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० असेल तर त्याला ०.०३ ने गुणून १.२ मिळतात, सामू ७.४ असताना बायकार्बोनेट त्याच्या वीसपट, म्हणजे २४ येते.

कोपनहेगनचा धडा

१९५२ मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांच्या रक्तात एकूण कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढलेले आढळले आणि रक्त अल्कधर्मी झाल्याचा अर्थ लावला गेला. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांचे मत निराळे होते: श्वास अपुरा पडल्याने वायू शरीरात साठत असून रक्त आम्लधर्मी होत आहे. सामू मोजल्यावर ते खरे ठरले. श्वासनलिकेत नळी घालून वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने श्वास पुरवला आणि मृत्यूंचे प्रमाण खूपच खाली आले. एकच आकडा पाहून निष्कर्ष काढण्याचा धोका त्यातून स्पष्ट झाला.

हिशेबाच्या मर्यादा

मोजलेल्या आकड्यात चूक असेल तर ती हिशेबात उतरते. सामू केवळ ०.०३ ने जास्त मोजला गेला, तरी २४ चे बायकार्बोनेट जवळपास २६ दिसते. शिवाय समीकरणातील ६.१ हा स्थिरांक शरीराचे तापमान आणि क्षारांच्या प्रमाणानुसार किंचित बदलतो. तिन्ही आकडे समीकरणात चपखल बसले म्हणून अहवाल अचूक ठरत नाही. तिसरा आकडा पहिल्या दोहोंतूनच काढलेला असल्याने तो त्यांची साक्ष देऊ शकत नाही. खरा पडताळा शिरेतील रक्तावर स्वतंत्रपणे मोजलेल्या एकूण कार्बन डायऑक्साइडचा. तो सहसा एक-दोन एककांनी अधिक असतो. तफावत फार मोठी असेल, तर नमुना पुन्हा घेणे इष्ट.

प्राणवायूची संपृक्तताही काही यंत्रे हिशेबानेच देतात. बंदिस्त न्हाणीघरातील गॅस गिझरमुळे कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झाल्यास प्राणवायूचा दाब योग्य दिसतो आणि हिशेबातली संपृक्तता ९७-९८ टक्के येते. प्रत्यक्षात हिमोग्लोबिनचा मोठा भाग निरुपयोगी झालेला असतो. रंगनिर्मितीतील ॲनिलीनसारख्या रसायनांच्या विषबाधेतही अशीच फसगत होते. रासायनिक कारखान्यांच्या डोंबिवलीसारख्या शहरात हे विशेष ध्यानात ठेवावे लागते. अशा वेळी हिमोग्लोबिनचे निरनिराळे प्रकार थेट मोजणारे 'को-ऑक्सिमीटर' आवश्यक ठरते.

'ॲनायन गॅप' हाही हिशेबच. रक्तातील अल्ब्युमिन एका ग्रॅमने घटले की तो सुमारे अडीच एककांनी कमी होतो. त्यामुळे कुपोषित किंवा दीर्घकाळ आजारी रुग्णात साठलेले लॅक्टिक आम्ल झाकले जाऊ शकते. अल्ब्युमिन पाहून दुरुस्ती करणे किंवा लॅक्टेट थेट मोजणे हाच त्यावर उपाय.

वेळेचे महत्त्व

सिरिंज रक्ताने भरल्यानंतरही रक्तपेशी प्राणवायू वापरतात आणि आम्ल तयार करतात. म्हणून प्लास्टिकच्या सिरिंजमधील नमुना सामान्यतः तीस मिनिटांच्या आत तपासला जावा. हवेचा बुडबुडा राहिल्यास कार्बन डायऑक्साइडचा दाब घटतो आणि सामू वाढतो. द्रवरूप हेपारिन अधिक झाल्यास दाब आणि बायकार्बोनेट दोन्ही कमी दिसतात. डोंबिवलीत घेतलेला नमुना लोकलने ठाण्याच्या प्रयोगशाळेत धाडणे कोलेस्टेरॉलच्या चाचणीला चालेल, या चाचणीला नाही. यंत्र रुग्णाजवळच असावे लागते.

कल्याणचे रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय असो, वा कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, एका ठिकाणाहून दुसरीकडे हलवलेल्या रुग्णासोबतचा अहवाल हा त्या क्षणापुरता असतो. वाटेत श्वासाची गती बदलली की आकडेही बदलतात. म्हणून पोहोचल्यावर नवा नमुना घेणे आणि आधीचा अहवाल तुलनेसाठी जपणे, दोन्ही हिताचे. नातेवाइकांनी तो कागद हरवू देऊ नये. त्यावरील वेळ आणि रुग्णाला त्या वेळी किती प्राणवायू सुरू होता याची नोंद आकड्यांइतकीच मोलाची असते.