अधांतरी मोटरहोम

मिनेसोटा, मिशिगनसारख्या अमेरिकी राज्यांत ऑक्टोबर आला, की मोटरहोमवाले गाडी हिवाळ्यापुरती उभी करून ठेवतात. त्यांच्यातला एक लाडका समज असा: गाडी समपातळीत ठेवणारे जॅक पूर्ण खाली सोडावेत, चाके जमिनीवरून उचलावीत, म्हणजे टायर चपटे होत नाहीत.

पूर्वपक्ष अगदीच निराधार नाही. दहा-बारा टनांचे ओझे महिनोन्‌महिने एका जागी राहिले, की टायर तळाशी दबतोच. पण हवा पुरेशी असेल तर हा चपटेपणा बहुधा तात्पुरता. काही मैल गाडी चालून रबर तापले की जातो. उभ्या टायरचे खरे वैरी ऊन, ओझोन आणि वय. रबरात ओझोनरोधक द्रव्ये मिसळलेली असतात. चालताना टायर लवतो तेव्हा ती पृष्ठभागावर येत राहतात. टांगलेला टायर लवतच नाही. चाके फिरत नसल्याने जागेवर इंजिन घरघरवत ठेवण्याचाही त्याला उपयोग नाही.

आता जॅकचे काय होते ते पाहा. हायड्रॉलिक जॅकचा मुलामा दिलेला दांडा आत असतो तोवर सुरक्षित. बाहेर राहिला की ओल आणि रस्त्यावरचे मीठ त्याला धरते, बारीक खड्डे पडतात. वसंतात दांडा वर घेताना तेच खड्डे कानशीसारखे सीलवर घासतात आणि तेल गळू लागते. त्याआधीच थंडीत एखादा जॅक इतरांपेक्षा जास्त खाली बसला, तर चेसिसला पीळ पडतो. सर्वांत गंभीर गोष्ट वेगळीच: पार्किंग ब्रेक मागच्या चाकांवर चालतो. तीच अधांतरी असतील तर गाडी अडवणार कोण?

भार कमी करायचा तर गाडी रिकामी करा. शंभर गॅलन पाणीच आठशे पौंडांहून जास्त भरते. जॅक वर घ्या, चाकांखाली टायरच्या पूर्ण रुंदीला पुरेल अशी फळी ठेवा, ऊन लागू नये म्हणून टायर झाका. पारा दहा अंश फॅरेनहाइटने उतरला की दाब साधारण दोन टक्क्यांनी घटतो. म्हणून टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल दाबापर्यंत, पण रिमची मर्यादा न ओलांडता, हवा भरा. चकाकीसाठी पेट्रोलियमयुक्त पॉलिश मात्र लावू नका, ते संरक्षक द्रव्येच धुऊन काढते.

आणि टायरच्या बाजूवर छापलेल्या डॉट (DOT) क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. दहा वर्षे उलटलेला टायर, नक्षी कितीही खोल दिसो, बदलायलाच हवा.