पाठीवरची थाप

माझ्या लहानपणी आमच्या गावात मोठी माणसे पाळीत ती शिवाशिव आणि आम्ही मुले खेळत असू ते शिवणापाणी. दोन्ही शब्द एकाच क्रियापदातून आलेले. एका ठिकाणी शिवले की विटाळ व्हायचा, दुसऱ्या ठिकाणी शिवले की राज्य यायचे. हा फरक मला पुस्तकातून कळला नाही. तो कळला राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत, खो-खो खेळताना. आणि तो दाखवून देणारा कोणी गुरुजी नव्हता, दहावीतला एक मुलगा होता.

सेवा दलाची स्थापना पुण्यात ४ जून १९४१ रोजी झाली. एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. संध्याकाळच्या मैदानी खेळांनी मुले एकमेकांशी किती घट्ट बांधली जातात, हे तोवर सगळ्यांच्याच लक्षात आले होते. प्रश्न होता तो कोणाला कोणाशी बांधायचे, हा. सेवा दलाचे उत्तर साधे होते : गावात जेवढी मुले आहेत, तेवढी सगळी. जात विचारायची नाही, धर्म विचारायचा नाही. खेळ, कवायत, लेझीम, गाणी आणि थोड्या गप्पा. पुढच्याच वर्षी बेचाळीसची चळवळ पेटली आणि या मैदानांवरचे कितीतरी तरुण तुरुंगात गेले, कितीतरी भूमिगत झाले.

या कामाचा कणा होता शाखानायक. तो बहुधा शाळकरी वयाचाच असे. पगार नाही, मानधन नाही. मुलांना घरोघर जाऊन हाका मारायच्या, मैदान आखायचे, शिटी वाजवायची, भांडणे सोडवायची. मोठ्या माणसांनी ऐक्यासाठी सभा घेतली असती, ठराव केला असता. हा पोरगा आम्हाला ओळीत उभे करून ‘एक-दोन, एक-दोन’ मोजायला लावी. एकवाले एका बाजूला, दोनवाले दुसऱ्या बाजूला. मोहल्ला, बौद्धवाडा, माळआळी यांची सरमिसळ अर्ध्या मिनिटात होऊन जाई.

आणि खो-खोत शिवल्यावाचून चालतच नाही. आठ गडी आळीपाळीने उलटसुलट तोंडे करून बसलेले. धावणाऱ्याने मागून पाठीवर थाप मारून ‘खो’ म्हणायचे, की बसलेल्याने उठून धावायचे. ती थाप कोणाची, हे पाहायलाही वेळ नसतो.

१९८२ च्या सुमाराची गोष्ट. मिरवणुकीवरून गावात काही बोलाचाली झाली होती. त्या दिवशी आयांनी मुलांना घराबाहेर सोडले नाही. माझे अब्बा शिंपीकाम करीत. संध्याकाळी मशीन चालू असताना दारात शाखानायक उभा राहिला. गळ्यात शिटी. एरवी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून हाका मारणारा, त्या दिवशी आत आला होता. म्हणाला, ‘‘चाचा, याला पाठवा. गडी कमी पडतात, खो बसत नाही.’’ गावात काय चालले आहे, यावर एक शब्द नाही. अब्बांनी मशीन थांबवले, त्याच्याकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, ‘‘जा. मगरिबच्या आत घरी ये.’’ त्या संध्याकाळी आम्ही तेराच जण होतो. धड दोन संघ होईनात, तरी खेळलो. आमच्या गल्लीत आल्याबद्दल त्या रात्री त्याला घरी काय ऐकावे लागले, ते मला पुष्कळ वर्षांनी कळले.

अशाच मुलांच्या जोरावर मोठी कामे झाली. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले. त्याआधी ते महाराष्ट्रभर फिरले, तेव्हा सेवा दलाचे कलापथक त्यांच्याबरोबर होते. मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करणारे हमीद दलवाईही तरुणपणी सेवा दलातलेच.

खेळाने सगळे भेद मिटतात, असे मी म्हणणार नाही. खेळ संपला की आम्ही आपापल्या घरच्या माठातले पाणी पीत असू. मोहल्ल्यातल्या मुली मैदानावर फारशा आल्याच नाहीत. माझी बहीण माडीच्या खिडकीतून आमचे गुण मोजायची. पुढे शाखा विरळ झाल्या.

पण ही रीत संपली नाही. नागपुरात २००१ मध्ये विजय बारसे या महाविद्यालयीन क्रीडाशिक्षकांनी पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी मुले पाहिली आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला. २०२२ मधला नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ त्यावरच बेतलेला. तिथे खेळायला आलेली मुले पुढे धाकट्यांना शिकवू लागली. केनियात, नैरोबीच्या माथारे झोपडपट्टीत १९८७ पासून मुलेच संघ चालवतात. वस्ती साफ केली की संघाला स्पर्धेत गुण मिळतात. भाषा वेगळी, चेंडू वेगळा. पण शिटी पोराच्याच हातात.

मोठा माणूस दारात आला की लोक विचारतात, हा कोणाचा, कशाला आला? पंधरा वर्षांच्या मुलाला ते विचारायचे सुचत नाही. तो गडी मागायला आलेला असतो. माझ्या अब्बांनाही सुचले नव्हते.

शाखानायकांचे ते मैदान आता राहिले नाही. तिथे गाळे झाले आहेत. मुले आपापल्या गल्लीत, आपापल्यांबरोबर खेळतात. तिथून जाताना मला अजून वाटते, मागून कोणीतरी पाठीवर थाप मारील. मात्र आता बसून राहण्याचे माझे वय झाले. धावायची पाळी ज्यांची आहे, त्यांना खो द्यायला हवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)