हरण्याची मजुरी

पीटर बकली हा इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा मुष्टियोद्धा. १९८९ साली तो पैसे घेऊन लढायला लागला आणि २००८ साली थांबला. १९ वर्षांत ३०० लढती. त्यातल्या जिंकल्या ३२, बरोबरीत सुटल्या १२ आणि हरला २५६. आकडा ऐकला की माणूस हसतोच. पण एवढं हरणाऱ्या गड्याला पुन्हा पुन्हा बोलवत कोण होतं, आणि हा तरी जात कशाला होता?

उत्तर त्या खेळाच्या पोटापाण्यात आहे. तिकडं छोट्या लढती तिकिटांवर चालतात. नवं पोरगं आपल्या गल्लीतल्या, कामावरच्या, नात्यातल्या माणसांना तिकिटं खपवतं. माणसं येतात ती त्याला जिंकताना बघायला. पण त्याच्यासमोर कुणीतरी उभं राहायला पाहिजे की नाही? तो कच्चा असून भागत नाही. पहिल्याच फेरीत आडवा झाला तर पोरगं शिकणार काय? फार तगडा असूनही भागत नाही. मग आयोजक जुन्या, मुरलेल्या गड्याला फोन करतो. अशाला तिकडं ‘जर्नीमन’ म्हणतात. शब्द मूळचा कारागिरांचा. उमेदवारी संपलेला, हातात कसब असलेला, पण स्वतःचं दुकान नसलेला रोजंदार. बकली तसाच होता. फोन आला की पिशवी उचलायची, परक्या गावात जायचं, चार नाहीतर सहा फेऱ्या लढायचं आणि मजुरी घेऊन परतायचं.

ह्यात लबाडी आली का? निकाल आधी ठरवून आडवं पडणं वेगळं आणि हे वेगळं. बकली ठोसे मारत होता, चुकवत होता, पोराला दमवत होता. पण छोट्या लढतीत गुण एकटा पंच देतो, आणि सभागृह सगळं त्या पोराच्या बाजूचं असतं. शिवाय तिकिटं खपवणाऱ्या पोरालाच दर वेळी लोळवलं तर पुढचा फोन येईल कशाला? जिंकण्याची भूक आणि घरची चूल, दोन्ही एकाच पोटात घेऊन तो रिंगणात उतरत असे.

मात्र एक गोष्ट त्याला परवडणारी नव्हती. ठोसे खाऊन लढत मधेच थांबली, तर तिकडच्या नियामक मंडळाच्या नियमानं किमान २८ दिवस लढता येत नाही. तेवढे दिवस मजुरी बुडाली. नियम कडक आहे, पण जिवासाठीच आहे. १९९१ साली लंडनमध्ये मायकेल वॉटसनच्या मेंदूला झालेल्या इजेनं सगळ्या देशाला ह्या खेळाचा धोका दाखवून दिला होता. म्हणून हरायचं तेही उभ्यानं, डोकं वाचवून. आपल्याकडं पैलवान पाठीला माती लागू देत नाही, त्यातलीच ही गत. डोक्यापुढचा हात, खांद्याआड लपवलेली हनुवटी, वेळेवर घातलेली मिठी ही त्याची विद्या. ‘प्रोफेसर’ हे टोपणनाव त्याला उगीच पडलं नव्हतं.

ह्या प्रोफेसरापुढं बसून गेलेल्या पोरांत शेफील्डचा नसीम हमीद होता. दोघं दोनदा लढले, दोन्ही वेळा हमीद जिंकला. १९९५ साली तोच हमीद जगज्जेता झाला. जगानं त्याचा पट्टा पाहिला. सुरुवातीच्या दिवसांत त्याच्यासमोर कोण उभं होतं, हे फक्त नोंदवहीत राहिलं.

उतारवयात बकलीला पाच वर्षं एकही विजय मिळाला नाही. तरी फोन येत राहिले आणि तो जात राहिला. ३१ ऑक्टोबर २००८ ला बर्मिंगहॅममध्येच त्याची ३००वी आणि शेवटची लढत झाली. ह्या वेळी गाव त्याचं होतं, माणसंही त्याच्यासाठी आलेली. चार फेऱ्या झाल्या आणि पंचानं बकलीचा हात वर केला. तो त्याचा ३२वा विजय. त्यानंतर तो लढला नाही.